सिनायचा ख्रिस्त की रुब्लेवचं त्रैक्य?

घरात आयकॉनची, म्हणजे प्रार्थनेसाठी रंगवलेल्या ख्रिस्ती पवित्र चित्राची, एकच मोठी प्रत लावायची आहे आणि मन या दोघांत अडकलं आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. दोन्ही प्रती मी बराच काळ रोज समोर ठेवून पाहिल्या.

इजिप्तमधल्या सिनायच्या सेंट कॅथरीन मठातला ख्रिस्त सहाव्या शतकातला. मेणात कालवलेल्या रंगांमुळे गालांची त्वचा आजही जिवंत वाटते. एक हात आशीर्वादाला, दुसऱ्यात शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) रत्नजडित ग्रंथ, आणि सगळी मांडणी नजर चेहऱ्यावर खिळवणारी. पहिल्या भेटीत हाच मन जिंकतो.

चेहऱ्याची एक बाजू शांत, दुसरी करडी, भुवई चढलेली. ख्रिस्ताचं मनुष्यत्व आणि देवत्व असा याचा अर्थ लावतात. मला अडचण झाली ती इथेच. हे एकदा कळलं की तो चेहरा अखंड दिसेनासा होतो. घरी येणारे हाताने अर्धा चेहरा झाकून पाहायचे, ते एक वेळ चाललं. पण प्रार्थनेला बसल्यावर माझेही डोळे आधी दोन बाजू ताडून पाहू लागले. सवय काही केल्या मोडेना.

त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातल्या, रशियन चित्रकार रुब्लेवच्या या चित्रात खुणा कितीतरी जास्त आहेत. बायबलमधल्या अब्राहामाकडे आलेले तीन पाहुणे इथे देवदूतांच्या रूपात त्रैक्य म्हणून आहेत, पण अब्राहाम आणि त्याची पत्नी सारा दोघंही नाहीत. मागे घर, झाड, डोंगर. तिघांच्याही अंगावर निळा रंग, प्रत्येकाच्या वेगळ्या ठिकाणी. मेजावर प्याला, आणि कडेच्या दोन देवदूतांच्या आतल्या कडा नजरेने जोडल्या की आणखी एक मोठा प्याला दिसतो, मधला देवदूत त्याच्या आत. हे मला फार उशिरा दिसलं. दिसल्यावर चित्र फुटलं नाही, उलट अधिक एकजीव झालं. मेजाची आपल्याकडची बाजू मोकळी आहे, तिथे आपल्यालाही जागा आहे असं मला दर वेळी वाटतं.

येशूच्या डोळ्यांत थेट पाहून प्रार्थना करायची असेल, तर अर्थातच सिनायचा ख्रिस्त घ्यावा. त्रैक्यात पिता कोण आणि पुत्र कोण यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. माझ्या भिंतीवर मात्र रुब्लेव आहे. मूळ फळी १४२ × ११४ सेंमीची, त्यामुळे लहान प्रतीत प्याला हरवतो. आणि खालची कड कापलेली प्रत घेऊ नका. देवदूतांच्या पायाखालचे पाट कापले गेले, की ती मोकळी बाजूही जाते.