बास गिटारवरचा घासलेला डाग: टंग ऑइल की ट्रू-ऑइल?

तेलाचं फिनिश दिलेल्या बासवर हात टेकतो तिथलं तेल उडून लाकूड करडं, खरखरीत होतं. दोन्ही पर्यायांत आधी नॅफ्थाने (पेट्रोलसारखा झटकन उडणारा द्रावक) मेण आणि मळ पुसा, मग ३२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा.

शुद्ध टंग ऑइल, म्हणजे टंग झाडाच्या बियांचं तेल, लाकडात मुरतं. पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन मिसळा. अर्ध्या तासाने वर राहिलेलं सगळं पुसायचं, नाहीतर चिकट थर बसतो. दोन हातांत किमान एक दिवस जाऊ द्या, पावसाळ्यात जास्तच. पण जुन्या-नव्या भागातला जोड जवळजवळ दिसत नाही, आणि डाग बुजवताना तेच तर हवं असतं.

ट्रू-ऑइल मुळात बंदुकीच्या दस्त्यांसाठीचं, अळशीच्या तेलावर आधारलेलं. दोन-तीन थेंब बोटाने चोळले की काही तासांत वाळतं, घामालाही बरं टिकतं. मात्र वर पापुद्रा धरतं, त्यामुळे डागाच्या कडेला चकाकीची रेघ उमटते. ती ०००० नंबरच्या स्टील वूलने मारावी लागते. त्याआधी पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) टेपने झाका. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

बॉडीवरच्या डागाला टंग, अख्खी मान नव्याने करायची तर ट्रू-ऑइल. तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.