बायपासनंतर घरात आलेलं सामान: पलंग, तीन चेंडू, पट्टा आणि मोजे

आधी निकाल सांगतो, कारण ज्याच्या घरी ऑपरेशनची तारीख लागलीय त्याला लांबण वाचायला वेळ नसतो. भाड्याचा दोन हँडलचा पलंग आणि श्वासाच्या व्यायामाचा तीन-साडेतीनशे रुपयांचा प्लॅस्टिकचा स्पायरोमीटर, या दोहोंचे पैसे वसूल झाले. छातीचा पट्टा निम्मा कामाचा. पायमोजे कामाचे, पण दुकानदार अंदाजाने देतो ते नव्हेत, मापाचे. हृदयाच्या आकाराची ती लाल उशी घेऊ नका.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला फिटर होतो, आता निवृत्त. राहायला सावरकर नगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. अँजिओग्राफीत तीन ब्लॉक निघाले, स्टेंटने भागणार नाही म्हणाले, बायपासची तारीख मिळाली. मधल्या दिवसांत घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा मी नौपाड्यात मेडिकलचं सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानात जाऊन बसलो. मुलगा वैतागला. "बाबा, ऑपरेशनचं टेन्शन सोडून तुम्ही पलंगाचं काय घेऊन बसलात?" म्हटलं, ऑपरेशन डॉक्टर बघणार आहेत, पलंग कोण बघणार?

पलंगाचं नीट सांगतो, कारण इथेच लोकांना चुकीचा माल मिळतो. दुकानात पहिल्यांदा दाखवतात तो सेमी फाउलर. पायथ्याशी एकच हँडल, फिरवलं की फक्त पाठ वर येते. फुल फाउलरला दोन हँडल. दुसऱ्याने गुडघ्यांखालचा भाग उचलला जातो. भाड्यात महिन्याला पाच-सातशेचा फरक. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, बायपासला सगळे सेमीच नेतात." नेत असतील. पण बायपासमध्ये काय करतात ते बघा. छातीचं मधलं हाड करवतीने उभं कापतात आणि काम झालं की स्टीलच्या तारेने गोणीचं तोंड शिवावं तसं आवळतात. तार बहुतेक ३१६ एल ग्रेडची असते आणि जन्मभर आतच राहते. पण तार फक्त धरून ठेवते. जुळायचं हाडालाच असतं, त्याला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं मजबूत व्हायला तीनेक महिने. तोवर हातांवर भार देऊन अंग उचलायचं नाही.

आता पाठ वर केलेल्या पलंगावर माणूस झोपला की तो हळूहळू खाली घसरतो. सपाट झोपवत नाही, दम लागतो आणि छाती ओढते, म्हणून पाठ वर ठेवावीच लागते. खाली घसरलं की वर सरकायला माणूस काय करतो? दोन्ही कोपरं गादीत रोवून जोर लावतो. नेमकं तेच करायचं नसतं. गुडघे उचललेले असले तर घसरणंच थांबतं. त्यासाठी ते दुसरं हँडल. क्रमही लक्षात ठेवा: वर करताना आधी गुडघे, मग पाठ, खाली आणताना आधी पाठ, मग गुडघे.

दुकानात मी प्रत्येक हँडल फिरवून बघितलं. या पलंगांना आत चौकोनी आट्यांचा स्क्रू असतो, तो आपोआप मागे फिरत नाही, म्हणून पाठ जिथे ठेवाल तिथे राहते. आटे झिजले असले की हँडलला प्ले, म्हणजे ढिलेपणा येतो आणि माणूस वर बसलेला असताना पाठ धक्क्याने खाली येते. मी एक चांगला पलंग निवडून पांढऱ्या खडूने खूण केली. मी हॉस्पिटलात असताना घरी आला तो दुसराच. फोन केला तर उत्तर, "सेम मॉडेल आहे, काका." मॉडेल सेम होतं, स्क्रू कोरडा ठणठणीत होता आणि ब्रेकच्या दोन चाकांपैकी एकाचा ब्रेक धरत नव्हता. हा ब्रेक किरकोळ बाब नाही. उठताना तुम्ही पायांच्या जोरावर उठता आणि त्याच वेळी पलंग मागे सरकला तर हात आपोआप कशाला तरी धरायला जातो. मी खुर्चीत बसून मुलाला सूचना दिल्या, त्याने ग्रीस भरलं, ब्रेकची पट्टी सरळ केली. अर्ध्या तासाचं काम, दुकानाने करून पाठवायला हवं होतं. भाड्याच्या पावतीवर पलंगाचा नंबर लिहून घ्या, म्हणजे "सेम मॉडेल" चालणार नाही.

हे पलंग उंच असतात. आमच्या सौ.ची उंची बेताची, माझीही फार नाही. बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पायाखाली पाट घेऊ नका, फरशीवर सटकतो. खाली रबर असलेलं बुटकं स्टूल घ्या किंवा दुकानदाराला कमी उंचीचा पलंग मागा.

स्पायरोमीटर. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक चेंडू, वर ६००, ९००, १२०० असे आकडे. हे आकडे सेकंदाला किती सीसी हवा ओढली ते सांगतात. ओढली म्हणतोय. निम्मे पेशंट त्यात फुंकतात आणि चेंडू हलत नाही म्हणून कंपनीला शिव्या देतात. वॉर्डातली फिजिओ रोज ओरडायची, "काका, फुंकू नका, ओढा!" ऑपरेशननंतर छाती दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून बसतो, त्यात कफ साठतो आणि ताप येतो. ते टाळायला हे खेळणं. जागं असताना तासातून दहा वेळा, असं मला सांगितलं होतं.

वस्तू म्हणून यात दोन दोष आहेत. एक, थोडा तिरपा धरला की चेंडू फुकटात वर जातात. माझ्या शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ असेच तिन्ही चेंडू वर नेऊन राउंडला आलेल्या डॉक्टरांना दाखवायचे. दुसरा दोष मोठा. हे यंत्र हवेचा वेग मोजतं, किती हवा आत गेली ते मोजत नाही. झटक्यात ओढलं की तिसरा चेंडू टणकन वर आपटतो, पण श्वास खोल गेलेला नसतो. खरा व्यायाम म्हणजे पहिला चेंडू वर, दुसरा जमला तर वर, आणि ते दोन-तीन सेकंद तिथेच तरंगत ठेवायचे. तिसऱ्याच्या मागे लागू नका. पिस्टनवाला, मिलिलिटरच्या खुणांचा प्रकारही मिळतो, महाग आहे, पण मोजमाप खरं देतो. विकत घेताना नळ्या डोळ्यासमोर धरून बघा, तिन्ही चेंडू मोकळे खाली पडले पाहिजेत. माझ्या पहिल्या नगात मधला चेंडू जॉइंटच्या प्लॅस्टिकला अडकत होता, तिथली बर, म्हणजे कडेला उरलेलं खरखरीत प्लॅस्टिक, ब्लेडने काढावी लागली. वळ्यांची नळी धुतल्यावर आत पाणी राहतं, ती उलटी टांगून वाळवा.

आता पट्टा. छातीभोवती गुंडाळायचा रुंद इलॅस्टिकचा, पुढे वेल्क्रो. मला हॉस्पिटलातूनच घ्यायला लावला. खोकताना हाडाला आधार मिळतो हे खरं. पण दिवसभर करकचून बांधला की श्वासच पूर्ण जात नाही, म्हणजे त्या तीन चेंडूंवर केलेली मेहनत पट्टा खातो. पुढे दोन मुठी असलेला प्रकार येतो, एरवी सैल आणि खोकला आला की मुठी एकमेकींकडे दाबायच्या. तो जास्त शहाणपणाचा. वेल्क्रोत बनियनचे धागे अडकून महिन्याभरात पकड जाते. ठाण्याच्या ऑक्टोबरात आत घामोळं येतं, खाली सुती बनियन हवीच. बायकांचा प्रश्न वेगळा आहे: स्तनांच्या वजनाने टाके ताणले जातात, त्यांना पुढून उघडणारी, नीट आधार देणारी ब्रा लागते. मी गेलो त्या दुकानात याचं कुणाला काही ठाऊक नव्हतं, पुरुषांचाच पट्टा पुढे करत होते.

खोकल्यापेक्षा शिंक वाईट. खोकल्याची चाहूल लागते, शिंक सांगून येत नाही. आमच्या घरात तिचं मूळ एकच, फोडणी. लाल मिरची तेलात पडली की हॉलमध्ये माझी धावपळ. म्हणून उशी कायम हाताशी हवी. ती लाल, गुबगुबीत, हृदयाच्या आकाराची उशी सहाशेला आहे आणि इतकी मऊ की दाबली की हाताला छातीच लागते. आधार द्यायचा तर उशी घट्ट पाहिजे. सौ.ने जुन्या लोडातला कापूस ठासून एक चौकोनी उशी शिवली, फूटभर लांब-रुंद. तिला शून्य रुपयांत पाच तारे. रिक्षातही तीच. उपवनहून मानपाड्याला फॉलोअपसाठी जायचं तर प्रत्येक स्पीडब्रेकरला ती छातीशी कवटाळायची आणि रिक्षावाल्याला आधीच सांगायचं. गाडी असेल तर मागच्या सीटवर बसा, आणि सीटबेल्ट टोचतो म्हणून काढू नका, सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये उशी घ्या.

पायमोज्यांकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मला तर छातीपेक्षा पायाने जास्त छळलं. ब्लॉकला वळसा घालायला जोडलेल्या तीन नळ्यांपैकी, म्हणजे ग्राफ्टपैकी, एक छातीच्या आतल्या धमनीचा, बाकी दोन डाव्या पायातल्या लांब शिरेचे. पायातली शीर काढून हृदयाला जोडण्याचं हे काम १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला रेने फावालोरो नावाच्या अर्जेंटिनाच्या सर्जनने पद्धतशीर सुरू केलं. एका ठिकाणचा पाइप काढून दुसरीकडे बसवायचा, फिटरला पटणारी गोष्ट. पण जिथून काढला तो पाय संध्याकाळपर्यंत सुजतो, घोट्याजवळ बधिर राहतो. त्यासाठी दाब देणारे मोजे. दुकानातल्या मुलाने माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि लार्ज काढून दिले. मोज्याचं माप उंचीवर नसतं. घोट्याचा आणि पोटरीचा घेर टेपने मोजायचा, तोही सकाळी, सूज नसताना, आणि डब्यावरच्या तक्त्याशी जुळवायचा. माझं माप मीडियम निघालं. सैल मोजा गुडघ्याखाली गोळा होतो आणि तिथेच रक्त अडवतो. मोजे चढवायला जोर लागतो आणि तो पेशंटने लावायचा नाही, घरातल्या दुसऱ्याने लावायचा, सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी. दोन जोड घ्या, पावसाळ्यात एक वाळत नाही. ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत.

वजनकाटा घरात होता, म्हणून विकत घेतला नाही, पण नसेल तर घ्या. रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. एका दिवसात किलो-दीड किलो वाढलं तर ते खाण्याने नसतं, पाणी साठत असतं. तेव्हा फोन करायचा. हाड हलल्यासारखा टक् आवाज, जखमेतून पू, ताप, एकाच पोटरीला सूज, अचानक दम, यातलं काहीही झालं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघायची नाही.

घरी येणाऱ्या फिजिओबाईंना पूर्ण गुण. व्हिजिटचे पैसे जास्त वाटले, पण त्यांनी मला नाडी मोजत चालण्यापासून सोडवलं. गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकर असतो, तो नाडी दाबून ठेवतो, त्यामुळे नाडीच्या आकड्यावरून मेहनत कळत नाही. त्याऐवजी बोर्ग नावाच्या स्वीडिश माणसाची पट्टी, ६ ते २०. किती श्रम वाटतात ते आपणच सांगायचं. मी आधी हसलो, गेज नाही, मीटर नाही, हे कसलं माप? पण पट्टी विचार करून बनवलीय. आकड्याला दहाने गुणलं की धडधाकट माणसाच्या नाडीच्या जवळपास येतं. मला ११ ते १३ मध्ये राहायला सांगितलं, म्हणजे चालता चालता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवायचा. आधी घरातल्या घरात, मग गॅलरीत, मग जिने. जिन्यात प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांनी एक खुर्ची ठेवली होती. आता उपवनला तलावाच्या कडेने चालतो. येऊरच्या चढाला अजून परवानगी नाही. टीएमटीच्या बसमध्ये उभं राहून वरचा दांडा धरायलाही नाही, आणि यावर घरी रोज वाद होतो.

सामान परत देताना दुकानाने भाडं दिवसावर नाही, महिन्यावर लावलं. महिना संपून चार दिवस झाले तरी पूर्ण महिना. हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात आहे, आधी वाचून घ्या आणि तारीख जवळ आली की दोन दिवस आधीच उचलायला सांगा. डिपॉझिट पूर्ण मिळालं, पण तीन फोननंतर. गादी भाड्यात धरत नाहीत, ती विकतच घ्यावी लागते आणि परतही घेत नाहीत. पलंग जिन्याने तीन मजले चढवायची मजुरी वेगळी, तीही आधी ठरवा. एवढं सगळं असूनही पुन्हा गरज पडली तर मी त्याच दुकानात जाईन, कारण फुल फाउलर तिथे तीन तरी असतात. दुपारी बंद असतं, चारनंतर जा.