वर्डप्रेस-वूकॉमर्स: दुकान वाढल्यावर कुठे टिकतं, कुठे अडतं

पाच-सात पानं आणि एक संपर्काचा फॉर्म एवढीच गरज असेल तर कुठलीही सीएमएस (साइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली) चालते. कस लागतो तो दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत, फराळाच्या ऑर्डरी पुण्या-नाशिकसोबत दुबईहून आणि न्यू जर्सीहूनही यायला लागतात तेव्हा. वर्डप्रेस ही सीएमएस आणि त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स हे प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) ही गर्दी झेपवतं, पण मूळची मांडणी नीट असेल तरच.

नुसती पानं वाचणारे कितीही येवोत, त्याचा फारसा ताण पडत नाही. पेज कॅश (पानाची साठवलेली प्रत) असला की तयार एचटीएमएल फाइल दिली जाते, पीएचपी (सर्व्हरवर पान तयार करणारा प्रोग्राम) आणि डेटाबेसपर्यंत काम जातच नाही. कार्ट, चेकआउट आणि ग्राहकाचं खातं मात्र कॅश करता येत नाही. केलं तर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू शकतो. तिथे प्रत्येक विनंतीला एक पीएचपी वर्कर (एका वेळी एकच विनंती हाताळणारी प्रक्रिया) गुंततो. वर्कर चार असतील आणि चेकआउटला दोन सेकंद लागत असतील तर सेकंदाला दोनच ग्राहक पुढे सरकतात, मागचे रांगेत उभे राहतात आणि रांग लांबली की ५०४ एरर, म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तरच नाही. त्यामुळे होस्टिंग घेताना ‘अनलिमिटेड’ हा शब्द सोडून द्या आणि पीएचपी वर्कर किती, रेडिस (डेटाबेसची उत्तरं मेमरीत साठवणारी सोय) मिळतं का, इनोडची मर्यादा किती, हे विचारा.

इनोडकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. खात्यात एकूण किती फाइली ठेवता येतात, त्याची ही मर्यादा. एक मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या प्रती करतं, २५६० ची एक वेगळी करतं आणि मूळ फाइलही ठेवतं. म्हणजे आठ फाइली, वूकॉमर्स आणि थीमच्या प्रती वेगळ्याच. हजार उत्पादनांचे प्रत्येकी चार फोटो धरले तर ३२,००० फाइली झाल्या. मग डिस्कवर जागा असूनही फोटो चढत नाही.

खरी अडचण ऑर्डरींची. जुन्या रचनेत ऑर्डर पोस्टच्या टेबलात जाते आणि तिचा बहुतेक तपशील पोस्टमेटात (पोस्टच्या जादा माहितीच्या टेबलात), एकेका ओळीत. त्या टेबलात मूल्याच्या रकान्याला इंडेक्स (चटकन शोधायची सूची) नाही, म्हणून ऑर्डरी लाखात गेल्या की फोन नंबरावरून ऑर्डर शोधणंही रेंगाळतं. ऑक्टोबर २०२३ मधल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांच्या ऑर्डरी स्वतंत्र टेबलांत साठतात. जुन्या दुकानांना ही सोय वूकॉमर्सच्या सेटिंग्जमधल्या ‘प्रगत’ विभागात स्वतः चालू करावी लागते. आधी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या साइटवर, प्रत काढा, जुनी-नवी दोन्ही टेबलं सिंक होऊ द्या (दोन्हींत सारख्याच नोंदी येऊ द्या), मगच बदला. कुरिअरचं किंवा जीएसटी बिलाचं एखादं प्लगइन थेट पोस्टमेटातून वाचत असेल, तर सिंक बंद केल्यावर त्याला नव्या ऑर्डरी दिसतच नाहीत. घाईत सिंक बंद करण्यात काही शहाणपण नाही.

क्रॉनचं, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या यंत्रणेचं, दुखणं वेगळं. वर्डप्रेसचा क्रॉन कुणी साइटवर आलं तरच चालतो. पेज कॅश असेल तर माणसं येऊनही पीएचपी जागं होत नाही. मग ठरवलेली सवलत वेळेवर लागत नाही, पैसे न भरलेल्या ऑर्डरी रद्द न होता पडून राहतात. कॉन्फिग फाइलमध्ये तो बंद करून सर्व्हरचा क्रॉन दर पाच मिनिटांनी लावावा.

मराठी दुकानांसाठी एक खास खाचखळगा आहे. स्लगला, म्हणजे पानाच्या वेब पत्त्यातल्या नावाच्या भागाला, डेटाबेसमध्ये २०० अक्षरांची जागा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार एन्कोड होऊन नऊ-नऊ अक्षरं खातो. हिशेब देवनागरीच्या बावीस अक्षर-मात्रांतच आटोपतो. ‘घरगुती कोल्हापुरी कांदा लसूण मसाला’ या नावाचा स्लग ‘कांदा’पाशीच तुटतो, पाव किलो आणि अर्धा किलो अशी दोन वेगळी उत्पादनं टाकली तर दुसऱ्याच्या शेवटी नुसता ‘-२’ लागतो. नाव मराठीत राहू द्या, स्लग सुरुवातीपासून रोमनमध्ये लिहा. नंतर बदलायचे म्हटलं तर प्रत्येकासाठी ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवणं) तपासत बसावं लागतं.

पेज बिल्डर (ओढून-ठेवून पान मांडायचं प्लगइन) बेतानेच वापरावा. काही बिल्डर मजकुरात स्वतःचे शॉर्टकोड (चौकटी कंसांतले संकेत) पेरतात. असा बिल्डर काढून टाकला की पानभर चौकटी कंसांचा कचरा उरतो. उत्पादनाची पानं तरी साध्या ब्लॉक एडिटरवर ठेवा.

शॉपिफाय या भाड्याने मिळणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या सेवेवर सर्व्हर, कॅश, क्रॉन यांपैकी कशाचीच काळजी नाही. बदल्यात दरमहा भाडं, ठरलेला यूआरएल साचा, आणि बाहेर पडताना उत्पादनं सीएसव्ही फाइलीत (साध्या तक्त्यात) मिळाली तरी थीम तिथेच राहते. अपडेट आणि बॅकअप बघणारा माणूस महिन्याला ठरवून ठेवता येत नसेल, तर वर्डप्रेसचा फुकटपणा महागात पडतो. अशा दुकानाने सरळ शॉपिफाय घ्यावं. माणूस असेल, आणि घाऊक दर किंवा तालुक्यावार डिलिव्हरी असले आपल्या धंद्याचे वेडेवाकडे नियम बसवायचे असतील, तर वूकॉमर्सच.