पणजीत कुठली ई-स्कूटर: बिननंबरची की हिरव्या पाटीची?

मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर स्कूटरला ना नोंदणी, ना लायसन्स. मिरामारच्या सपाट रस्त्यावर ती झकास. आल्तिनोचा चढ लागला की धापा टाकते. मागून कदंबची बस आली, तर तिचा संथपणाच धोक्याचा. शिवाय विमा सक्तीचा नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्याच खिशातून! हेल्मेट अर्थात हिच्यावरही घालायचं.

हिरव्या पाटीच्या, म्हणजे नोंदणी केलेल्या ई-स्कूटरला लायसन्स, विमा सगळं आलं. तरी रोज मांडवी नदीपलीकडे पर्वरीला जायचं असेल तर मी हीच घेईन. फक्त मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, खालच्या जुन्या पुलांवरूनच नदी ओलांडायची.