पगाराच्या साठ टक्के : नोकरीतून मिळालेला अपंगत्व विमा वीस महिने वापरल्यानंतर

न्यू जर्सीतील एका औषधनिर्मिती कंपनीत मी प्रयोगशाळेत काम करीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कण्याची शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून मी कंपनीमार्फत मिळालेल्या सामूहिक दीर्घकालीन अपंगत्व विम्यावर आहे. नोकरी लागताना माहितीपत्रकात ‘पगाराच्या ६० टक्के’ हे शब्द वाचून मी निश्चिंत झाले होते. त्या साठ टक्क्यांतून हातात नेमके किती पडते, याचा अनुभव येथे मांडत आहे.

नव्वद दिवसांचा प्रतीक्षाकाळ मे महिन्याच्या मध्यावर संपला आणि जूनमध्ये विम्याची पहिली रक्कम आली. महिना ७,००० डॉलर पगाराचे साठ टक्के म्हणजे ४,२०० डॉलर. खात्यात जमा झाले ३,८७८ डॉलर ७० सेंट. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्ती व अपंगत्व योजना) आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) यांचे मिळून ७.६५ टक्के कापले गेले होते. सप्टेंबरपासून मात्र पूर्ण ४,२०० येऊ लागले. कोणीतरी चूक सुधारली असावी, अशी मी समजूत करून घेतली. प्रत्यक्षात ज्या महिन्यात आपण शेवटचे काम केले, त्यानंतरचे सहा महिने उलटले की ही कपात आपोआप थांबते, एवढाच तो नियम होता.

खरी चूक माझीच होती आणि ती वेगळ्या ठिकाणी होती. विम्याचा हप्ता पूर्णपणे कंपनी भरत असल्यामुळे मिळणारी सगळी रक्कम करपात्र होती. तोच हप्ता मी कर भरून उरलेल्या पगारातून दिला असता, तर हे पैसे करमुक्त ठरले असते. शिवाय डब्ल्यू-४एस हा फॉर्म आपण स्वतः भरून दिल्याशिवाय विमा कंपनीला केंद्रीय आयकर कापणे बंधनकारक नसते आणि माझ्या विमा कंपनीने तो कापलाही नाही. फॉर्ममध्ये महिन्याला किमान ८८ डॉलर पूर्णांकात कापण्यास सांगता येते. तो फॉर्म अस्तित्वात आहे, हे मला करसल्लागारांकडून कळले, तेही एप्रिल २०२४ मध्ये, जेव्हा जवळजवळ चार हजार डॉलर एकदम भरायचे होते.

आणि त्या एप्रिलमध्ये विम्याचे पैसेही बंद होते. जानेवारीअखेर विमा कंपनीने पत्र पाठवून कळवले होते की, माझा व्यवसाय ‘बैठ्या स्वरूपाचा’ असून तो मी करू शकते. औषध कंपनीच्या दप्तरी माझे पदनाम ‘अ‍ॅनालिस्ट’ आहे. त्यावरून विमा कंपनीच्या तज्ज्ञाने मला टेबलाशी बसून आकडे पाहणारी कर्मचारी ठरवले. बैठे काम म्हणजे बहुतेक वेळ बसून आणि दहा पौंडांपेक्षा जास्त न उचलता होणारे काम. मी दिवसाचे सहा-सात तास उभी असे आणि चार-चार लिटरच्या द्रावकाच्या बाटल्यांचे खोके हलवीत असे.

खासगी नोकरीतील असे विमे बहुधा १९७४ च्या एरिसा या, नोकरीतून मिळणाऱ्या लाभांविषयीच्या केंद्रीय कायद्याखाली येतात आणि अपिलासाठी १८० दिवस मिळतात. येथे घाई केली नाही, हे बरे झाले. कारण पुढे खटला झालाच, तर न्यायालय सहसा अपिलापर्यंत जमा झालेली कागदपत्रेच पाहते. मी पहिल्या आठवड्यात फक्त माझी संपूर्ण फाइल मागवली, जी त्यांना विनामूल्य द्यावीच लागते. त्या नऊशे पानांत डॉक्टरांच्या टिपणातील ‘रुग्ण समाधानकारक’ हे दोन शब्द विमा कंपनीच्या परिचारिकेने अधोरेखित केलेले होते. त्याच टिपणातील पुढचे वाक्य, वीस मिनिटांहून अधिक उभे राहता येत नाही, हे मात्र सारांशात आलेच नव्हते. मी पर्यवेक्षकांकडून कामाचे तासवार वर्णन लिहून घेतले, कार्यक्षमतेची चाचणी करून घेतली आणि जूनमध्ये अपील दाखल केले. निर्णयासाठी पंचेचाळीस दिवस, मग आणखी पंचेचाळीस दिवसांची मुदतवाढ. सप्टेंबरात निकाल माझ्या बाजूने लागला आणि आठ महिन्यांची थकबाकी मिळाली. या वेळी डब्ल्यू-४एस आधी पाठवला.

पुढच्याच महिन्यात सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व लाभ मंजूर झाला. (भारतातील माझी सहा वर्षांची नोकरी त्यात धरली गेली नाही, दोन्ही देशांत तसा करार नाही.) पाच पूर्ण महिने वगळून ऑगस्ट २०२३ पासून दरमहा २,१५० डॉलर, म्हणजे चौदा महिन्यांचे तीस हजारांहून थोडे अधिक एकरकमी आले आणि त्यातले ३०,१०० विमा कंपनीने परत मागितले, कारण पॉलिसीनुसार तो लाभ साठ टक्क्यांतून वजा होतो. सरकारची वार्षिक महागाईवाढ तेवढी ते वजा करीत नाहीत, हे पॉलिसीचे मी प्रामाणिकपणे मान्य केलेले एक चांगले कलम.

परत केलेल्या रकमेतील २०२३ च्या १०,७५० डॉलरांवर मी आधीच कर भरला होता. परतफेड ३,००० डॉलरांहून जास्त असेल, तर परतफेडीच्या वर्षाच्या उत्पन्नातून वजावट घ्यायची की पूर्वी भरलेल्या कराचे क्रेडिट, यांतला फायद्याचा पर्याय निवडता येतो. हे विमा कंपनीच्या पत्रात कोठेही नव्हते. एकरकमी लाभातील २०२३ चा भाग त्या वर्षाच्या उत्पन्नानुसार मोजण्याची सवलतही जुने विवरणपत्र न बदलता घेता येते. सरकारी लाभावरील कपातीसाठी डब्ल्यू-४व्ही असून त्यात ७, १०, १२ किंवा २२ टक्के एवढेच पर्याय आहेत. मी दहा निवडले.

आता दरमहा विम्याचे २,०५० डॉलर येतात. मे महिन्यात चोवीस महिने पूर्ण होतील आणि अपंगत्वाची व्याख्या ‘स्वतःचा व्यवसाय’ करता न येणे ही सोडून ‘कोणताही व्यवसाय’ करता न येणे अशी होईल. त्यासाठीची चौदा पानी प्रश्नावली गेल्या आठवड्यात आली. पदनामाच्या रकान्यात जागा जेमतेम दोन इंच होती, म्हणून मी तेथे ‘सोबतचे पान पाहावे’ असे लिहून तासवार वर्णन पुन्हा जोडले आहे.