डिस्कॉर्ड आणि अव्रे: लिहून खेळायच्या भूमिकाखेळांची सुरुवात

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारखा, खेळाडूंनी पात्रे बनून कथा पुढे नेण्याचा खेळ केवळ लिहून खेळायचा असेल, तर डिस्कॉर्ड हे गप्पांचे ॲप आणि त्यावरचा 'अव्रे' हा बॉट (आज्ञेनुसार आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) ही जोडी नवख्या खेळाडूला सर्वांत सोयीची वाटेल. एक छोटी आज्ञा टंकली की वीस बाजूंचा फासा बॉटच टाकतो, आणि निकाल सर्वांसमोर उमटत असल्यामुळे कोणी लबाडी केली का, हा वाद उरत नाही. लढाईत पाळी कोणाची, हेही तोच लक्षात ठेवतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो, तेव्हा पुस्तकांवर लगेच खर्च करू नये.

आज्ञा मात्र इंग्रजीतच द्याव्या लागतात (संवाद खुशाल देवनागरीत लिहावेत!), आणि त्यांची यादी एवढी लांब आहे की सुरुवातीला फासा टाकण्यापलीकडे काही शिकूच नये. खरी अडचण वेगाची आहे: बोलून चटकन आटोपणारी झटापट लिहिताना अख्खी संध्याकाळ खाते, शिवाय सगळे एकदम लिहू लागले की कथेचा धागा तुटतो. म्हणून तीन-चार जणांचाच आणि पात्रांचे संवाद व खेळाडूंच्या गप्पा यांसाठी वेगवेगळे चॅनल ठेवणारा गट निवडावा.