जीप गॅरेजमध्ये, पीयूसी मोबाईलवर: माझे ६०,५०० रुपये असे गेले

साठ हजार पाचशे रुपये. आरटीओबाहेरच्या दलालाला दिलेला आकडा आधीच लिहून टाकतो. फाइल उघडायला म्हणून १५,०००, पीयूसीचे ४,५००, इंजिन बदलाची नोंद करून देतो म्हणून ३२,००० आणि 'वरचा खर्च' म्हणून ९,०००. पहिले तीन हप्ते यूपीआयने दिले, शेवटचा रोख. ते रोख नऊ हजार दिले याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, पण ते लपवून हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

गाडी म्हणजे वडिलांची महिंद्रा एमएम ५४०, मार्च १९९५ ची नोंदणी. त्यात मूळचं प्युजोचं एक्सडीपी इंजिन, २११२ सीसी. घाटमाथ्यावरच्या चिखलात, भातखाचरांच्या बांधांवर ही जीप तीस वर्षं चालली. २०२४ च्या पावसाळ्यात इंजिनाने मान टाकली. क्रँक गेला, ब्लॉकला तडा. सुटे भाग मिळेनात. मिस्त्री म्हणाला, बोलेरोचं अडीच लिटरचं टर्बो इंजिन बसवू, महिंद्राच्या गाडीत महिंद्राचंच इंजिन, कोण विचारतंय. नोव्हेंबरात इंजिन बसलं. जुनं इंजिन अडगळ होते म्हणून त्यानेच ७,००० रुपयांना ठेवून घेतलं. तेव्हा मला तो उपकारच वाटला. या सात हजारांकडे मी शेवटी परत येणार आहे.

इंजिन बदलून जीप चालवणारा मी काही एकटा नाही. कुठल्याही रविवारी घाटात जमणाऱ्या जुन्या जीपांची बॉनेटं उघडून बघा, आरसीवरचं इंजिन किती जणांकडे सापडतं ते कळेल. पण इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, हे मिस्त्रीने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ज्यांचं काम अजून गॅरेजमध्ये चालू आहे त्यांनी आधी आरटीओत जाऊन लेखी विचारावं. जुनं इंजिन बाहेर पडण्याआधी.

जीपची नोंदणी २१ मार्च २०२५ ला संपत होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. संपण्याआधी साठ दिवसांत अर्ज करता येतो, फी तेव्हा, २०२५ च्या सुरुवातीला, ५,००० रुपये होती. ती मी स्वतः ऑनलाइन भरली, पावती आहे. एवढ्या सगळ्या प्रकरणात पक्की पावती असलेला माझा तो एकच खर्च.

अडलं पीयूसीवर. ३ फेब्रुवारीला सेंटरवर गेलो. पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत दाबायला सांगितला आणि मागे असा काळा ढग उठला की शेजारच्या चहावाल्याने भांड्यांवर फडकं टाकलं. रीडिंग ४.३. माझ्या गाडीच्या वयाला मर्यादा २.४५. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सेंटरवर ३.९. मी घाबरलो. पीयूसी नाही तर पासिंग नाही, आणि धूर सोडत पकडलं तर दहा हजारांपर्यंत दंड. मिस्त्री म्हणाला, "टर्बो इंजिन जुन्या गाडीत बसवलं की धूर येणारच, ते मशीनवर कधीच पास होणार नाही. माझा एक माणूस आहे." हे वाक्य साफ खोटं होतं. ते मला महिन्याभराने कळलं.

माणूस आरटीओच्या फाटकाबाहेरच बसायचा. टेबल, छत्री, फाइलींचा गठ्ठा. ५ फेब्रुवारीला भेटलो. "काका, टेन्शन घेऊ नका. इंजिन चेंजची एन्ट्री, पीयूसी, पासिंग, सगळं आपल्याकडे." आरसीची झेरॉक्स घेतली, इंजिन नंबरचा फोटो घेतला, १५,००० घेतले. त्याच्या मागे आत-बाहेर करणारे लोक त्याला नावाने हाक मारत होते, एका गणवेशातल्या माणसाने त्याच्याकडून पेन मागून नेलं. हे बघून विश्वास बसला नसता असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

११ फेब्रुवारीला तो गॅरेजवर आला आणि पुढची नंबर प्लेट खोलून मागितली. तेव्हा एचएसआरपीची, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटची, धावपळ चालू होती, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवीन प्लेट लावायची होती. म्हणाला, "जुनी प्लेट आधी जमा करावी लागते, मगच नवीन येते." मी दिली. स्वतः स्क्रू काढून दिली. कोणीही, कुठल्याही कारणाने गाडी सोडून फक्त प्लेट मागितली तर देऊ नका. एचएसआरपी मालक स्वतः ऑनलाइन बुक करतो, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, आणि प्लेट गाडीवरच बसवतात. आधी काही जमा करावं लागत नाही.

आणि मग १४ फेब्रुवारी, शुक्रवार. त्या दिवसाची आठवण आली की अजून अंगाचा तिळपापड होतो.

सकाळी पावणेबाराला मी गॅरेजमध्ये उभा होतो. जीपचं बॉनेट वर, चारही नोझल काढून डिझेलच्या ताटलीत ठेवलेले. ताटलीच्या कडेला एक फडकं होतं आणि मी त्याने हात पुसत होतो, हे सुद्धा आठवतं. मोबाईल वाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर पीयूसी. माझ्या गाडीच्या नंबरचं, त्याच दिवशीचं, वेळ ११.२१, सहा महिन्यांची मुदत, निकाल पास. मी लगेच सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहिलं. पीयूसी वैध! खोटा कागद नव्हता तो, खरोखर सिस्टीममध्ये चढलेला होता.

मला आनंद झाला. गाडी माझ्या डोळ्यांसमोर नोझलविना उभी आहे, ती सुरूच होऊ शकत नाही, आणि पंचवीस मिनिटांपूर्वी ती कुठल्यातरी सेंटरवर धुराच्या चाचणीत पास झाली आहे. हे मला त्या क्षणी कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मनाने पुढे सरकवलं. 'ही लोकं करतात काहीतरी' एवढंच मनात आलं आणि मी ४,५०० पाठवले. प्रमाणपत्रावरचा फोटो मोठा करून पाहिला असता तरी पुरे होतं. फोटोत माझी प्लेट होती, पण बंपर माझा नव्हता. माझ्या जीपला पुढे जाड लोखंडी बंपर आणि विंच आहे. फोटोतल्या गाडीला साधा पत्र्याचा, डावीकडे चेपलेला. दुसऱ्याच गाडीला माझी प्लेट टांगून चाचणी केली होती. ज्या मालकाला स्वतःच्या गाडीवरचा ओरखडा न् ओरखडा पाठ आहे, त्याने तो फोटो नुसता अंगठ्याने वर सरकवला.

तिथे थांबलो असतो तर १९,५०० वर सुटलो असतो. पीयूसी 'झाली' म्हणून विश्वास दुप्पट झाला आणि १८ तारखेला ३२,००० गेले. बदल्यात शिक्का-सहीचं मंजुरीपत्र आलं, त्यावर नवीन इंजिन नंबर. तारीख २२ फेब्रुवारी. तो शनिवार होता आणि सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. हेही मी नंतरच पाहिलं. हातात कागद आला की आधी वार बघा. अर्ज क्रमांक स्वतः सरकारच्या 'वाहन' वेबसाइटवर टाकून बघा. पीडीएफवर विश्वास ठेवू नका, फीची सरकारी पावती मागा. ती नसेल तर काम झालेलंच नाही.

२७ ला रोख नऊ हजार. ४ मार्चला तपासणी. तो "मी तिथेच असतो" म्हणाला होता. फोन बंद.

निरीक्षकांनी बॉनेट उघडायला सांगितलं, इंजिन नंबर पाहिला, आरसी पाहिली, मंजुरीपत्र वाचलं. संगणकावर असा अर्जच नव्हता. मग त्यांनी पीयूसीचा फोटो उघडला, बंपरकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही कुठली गाडी आहे?" मागे पंधरा-वीस माणसं रांगेत होती. मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी जे सांगितलं ते आधी कळलं असतं तर मी एक रुपया दिला नसता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. सीएनजीसारख्या इंधनबदलाला मान्यताप्राप्त किट लावून वाट आहे, पण २११२ सीसीच्या जागी वेगळ्या जातीचं, जास्त ताकदीचं इंजिन ही गोष्ट वेगळी. म्हणजे ३२,००० घेऊन जे विकलं गेलं, ते विकायला त्याच्याकडे नव्हतंच.

आता कार्यालयांबद्दल. आरटीओत तक्रार द्यायला गेलो. "एजंटकडे कशाला गेलात? बोर्ड वाचता येत नाही का?" बोर्ड आहे, दलालांपासून सावध राहा असं लिहिलेला, आणि त्या बोर्डाच्या खिळ्याला दलालाच्या छत्रीची दोरी बांधलेली आहे. मी ती दोरी दाखवली. खिडकीतल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. तक्रारीची पोच मिळवायला तीन खेपा घालाव्या लागल्या. साहेब मीटिंगला, साहेब दौऱ्यावर, आवक-जावकवाले जेवायला. चौथ्या दिवशी शिक्का मिळाला. पीयूसी दुसऱ्या गाडीवर काढणाऱ्या सेंटरचं नाव, वेळ, फोटो सगळं त्यांच्याच सिस्टीममध्ये आहे. कोणी शोधायचं म्हटलं तर दहा मिनिटांचं काम. ते सेंटर आजही चालू आहे.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "काका, इंजिन तुम्हीच बेकायदा बदललंय. आधी तुमच्यावरच येईल." हे ऐकून दुसरा कोणीही परत फिरला असता, आणि ते सांगतातच त्यासाठी. मग म्हणाले, पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी बाब आहे, वकील करा. बनावट शिक्क्याचं पत्र टेबलावर पडलेलं असताना दिवाणी बाब! पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालं आहे, बनावट दस्तऐवजाला ३३६. मी कलमं वाचून गेलो होतो. तरी गुन्हा नोंदवला नाही, अर्ज घेतला. पोलीस ठाण्यात नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. मी पाठवली आहे. पोचपावती आली, उत्तर नाही. ऑनलाइन तक्रार केली तर ती फिरून ज्यांच्याविरुद्ध केली होती त्याच कार्यालयाकडे गेली आणि 'निकाली' झाली. बँकेने सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात. यूपीआयने पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. मी शेवटच्या हप्त्यानंतर सतरा दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं होतं.

माझी चूक मी लिहिली आहे. पण ज्याने फसवलं तो आजही त्याच छत्रीखाली बसतो आणि ज्यांनी बघायचं ते त्याच्याकडून पेन मागतात, यात माझी चूक कुठे आहे ते मला कोणीतरी दाखवावं.

आणि धुराचं काय? १० मार्चला जीप पंप-नोझलचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. त्याने टर्बोपासून निघणाऱ्या पाइपवर हात फिरवला आणि म्हणाला, क्लॅम्प ढिला आहे, हवा इथूनच निघून जाते. शिवाय पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवून ठेवलं होतं, ताकद दिसावी म्हणून. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काळा धूर. क्लॅम्प, पंप सेटिंग, नोझलचं प्रेशर आणि एअर फिल्टर मिळून ३,८०० रुपये. पंधरा किलोमीटर फिरवून इंजिन नीट गरम केलं आणि १२ तारखेला खरी चाचणी दिली. रीडिंग २.१. फी १५० रुपये. 'मशीनवर कधीच पास होणार नाही' म्हणे! गार इंजिनावर चाचणी देऊ नका. आणि काळ्या धुरावर 'माणूस आहे' हे उत्तर देणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी त्याच दिवशी काढून घ्या.

हे लिहितोय तेव्हा जून संपत आलाय. जीप ताडपत्रीखाली उभी आहे. मुदत टळून गेल्यामुळे दर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे चढतायत. निरीक्षक म्हणाले, मूळ इंजिन बसवून आणा, लगेच पासिंग करतो. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, ते तर डिसेंबरातच भंगारात दिलं. कोणाला दिलं ते आठवत नाही. तडा गेलेला का असेना, ब्लॉक वेल्ड होतो, स्लीव्ह बसवता येतात, आणि त्यावर आरसीवरचा नंबर होता. तो नंबर आता माझ्याकडे फक्त कागदावर आहे, २०२० च्या पासिंगच्या वेळी पेन्सिलने घासून घेतलेला. कोणाच्या हाती एक्सडीपीचा जुना ब्लॉक लागला, चौथ्या सिलिंडरच्या बाजूला उभा तडा असलेला, तर भट्टीत घालण्याआधी तेवढा कळवा.